पेरूच्या झाडाला टांगलेला तुकडा

भाऊ, परवा तुमच्या अंगणात सतरंज्या टाकून लोक बसले होते आणि जो तो तुमच्या कानांबद्दल बोलत होता. फुलांच्या हारात तुमचा फोटो. फोटोतही तुम्ही डावा कान जरासा पुढे काढून बसल्यासारखे दिसता. एक जण म्हणाला, "सुखदेवभाऊच्या हाताले तोड नव्हती, पण शेवटी कानानं धोका देल्ला." दुसऱ्याने हळहळून च् च् केलं. मी तुमच्या पायरीजवळ मान खाली घालून बसलो होतो. तुमच्या कानांनी धोका दिला नव्हता, हे त्या अंगणात फक्त मला माहीत होतं.

तुम्ही असताना हे सांगायला तीन वर्षं होती. रोज सकाळी तुम्ही गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायचात आणि मी तुमच्या हातात चहाचा ग्लास द्यायचो. तेवढ्या वेळात होण्यासारखंच बोलणं होतं ते. पण मी पावसापाण्याचं बोललो, पवनारच्या फाट्यावर नवीन लागलेल्या पानटपरीचं बोललो, माझ्या मेव्हणीच्या नवऱ्याची टिंगल केली. तेवढं सोडून सगळं बोललो.

एकोणीस वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आलो तेव्हा मला वाटायचं की इंजिन म्हणजे सगळं. कुणी जीपमध्ये मोठं इंजिन बसवून मागितलं की माझे हात शिवशिवायचे. तुम्ही मात्र आधी गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसायचात आणि मागचा एक्सल बघायचात. गिऱ्हाईक बॉनेट उघडून उभं, आणि मेकॅनिक गाडीच्या बुडाशी! मी हसलो होतो पहिल्यांदा. तेव्हा तुम्ही म्हणालात, "परभाकर, ताकद इंजिनात तयार होते, पन सोसा लागते एक्सलले. ज्याले सोसा लागते, त्याले पयले इचाराव." हे तुम्ही माणसांच्या बाबतीतही पाळायचात. घरी काही ठरवायचं असलं की आधी वहिनींना विचारायचात.

आणि मग तुमची ती पद्धत. एक्सलमधून शाफ्ट, म्हणजे चाकाला फिरवणारा तो जाड लोखंडी दांडा, ओढून काढायचा, तारेचा फास घालून गॅरेजपुढच्या कडुलिंबाच्या फांदीला टांगायचा आणि लहान हातोडीने एकच टोला द्यायचा. चांगला शाफ्ट देवळातल्या घंटेसारखा लांबवर वाजत राहतो. आत कुठे केसाएवढा जरी तडा असला तरी आवाज भद्द येऊन तिथेच मरतो. शंका आली तर दुसरी परीक्षा: शाफ्ट रॉकेलने भिजवायचा, कोरडा पुसायचा, वरून खडूची भुकटी चोळायची आणि संध्याकाळपर्यंत ठेवून द्यायचा. तड्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. पण खडूची पाळी क्वचितच यायची. तुमचा कान पुरायचा. हिंगणघाटपासून लोक शाफ्ट घेऊन यायचे, नुसता वाजवून घ्यायला.

नागपूरच्या भंगार बाजारात एकदा एका दुकानदाराने मोडलेल्या शाफ्टचा तुकडा वाजवून दाखवला होता, आठवतं? "सुनो भाई, कैसा बजता है! माल एकदम पक्का है." तुम्ही पोट धरून हसलात. बाहेर आल्यावर मला म्हणालात, "तुटलेला तुकडा साफच वाजते, बापा. तडा निंघून गेला, आता कायची भीती त्याले? तडा जोडलेल्यात आयका लागते." मी ते डोक्यात पक्कं ठेवलं. तुम्ही शिकवलेलं मी फारसं विसरलो नाही, भाऊ. म्हणूनच मला सुटका नाही.

तुम्हाला कमी ऐकू येतं हे मला कधी कळलं, ते नेमकं सांगता येणार नाही. मागून हाक मारली की तुम्ही वळेनासे झालात. फोन वाजला की "तूच बोल, माहे हात भरले आहेत" म्हणायला लागलात, हात कोरडे असले तरी. आयुष्यभर लोखंडावर लोखंड आपटल्यावर कान किती टिकणार? तुम्ही ते कुणाला सांगितलं नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. पण शाफ्टला टोला दिल्यावर तुम्ही आता माझ्या तोंडाकडे बघायला लागलात. मी मान हलवायचो. तुम्ही गिऱ्हाइकाकडे वळून म्हणायचात, "घेऊन जा, पक्का आहे." एखादा भद्द वाजला की मी डोळे बारीक करायचो आणि तुम्ही शाफ्ट बाजूला टाकायचात. यातलं काहीच आपण ठरवलं नव्हतं. दोन संसारी माणसांना एकमेकांची गरज न बोलता कळते, तसं चाललं होतं. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता. सगळी पंचक्रोशी ज्या कानांना मानते ते कान माझ्या मानेत आहेत, असं मनात यायचं.

मग आंजीच्या गजाननरावांची जीप आली.

गोबी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन बाजारात जाणारा माणूस. शेताची वाट काळ्या मातीची, मध्ये नाला, नाल्यानंतर उभा चढ. जुनं इंजिन तिथे धापा टाकायचं. त्यांनी एका पिकअपचं दुप्पट ताकदीचं इंजिन मिळवलं आणि हौसेने आपल्याकडे आणलं. आणि आपलं भांडण सुरू झालं.

माझं म्हणणं, जीपचाच एक्सल ठेवू, आतला माल नवा टाकू. बसवायला सोपा, वजनाला हलका, दोन दिवसांत गाडी मोकळी. तुम्ही म्हणालात, ट्रकचा जड एक्सल टाकायचा. त्यासाठी स्प्रिंगच्या पाट्यांची बैठक बदला, ब्रेकची नळी बदला, सगळा खेळ नव्याने मांडा. मी चिडून म्हणालो, "भाऊ, गोबी न्यायची आहे, रणगाडा नाई वढायचा!"

तुम्ही जमिनीवर काडीने आकृती काढलीत. "हे पाय. हलक्या एक्सलात चाक शाफ्टवरच बसलं राह्यते. शाफ्ट तुटला का चाक निंघालं बाहेर, गाडी पलटी. जड एक्सलात वजन वरच्या नळीवर असते. शाफ्ट फक्त फिरवते. तो तुटला तरी चाक जागच्या जागी. माणूस वाचते."

"तुटनच काऊन पन?"

"तुटू नये म्हनून तं वाजवतो ना बे!"

गजाननराव तिथेच उभे होते. त्यांच्यासमोर तुम्ही मला 'बे' म्हणालात, ते मला झोंबलं. वास्तविक तुम्ही दिवसातून दहादा म्हणायचात. पण त्या दिवशी मी वादात हरलो होतो आणि हरलेल्या माणसाला काहीही झोंबतं. तीन दिवस मी तोंड फुगवून काम केलं. भंगार बाजारातून ट्रकचा जुना एक्सल आला, पाट्यांची बैठक बदलली, सगळं तुमच्या मनासारखं. राहिले फक्त दोन शाफ्ट वाजवायचे.

त्या दिवशी अल्लीपूरला माझ्या मेव्हणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. बायको जरीची साडी नेसून, मोटारसायकलवर ग्रीस लागू नये म्हणून सीटवर वर्तमानपत्र अंथरून फाटकाशी उभी होती. दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवत होती. तुम्ही पहिला शाफ्ट टांगला, टोला दिला. खणखणीत. मी मान हलवली. तुम्ही दुसरा टांगला.

भाऊ, तो भद्द नव्हता. मी हे स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, जसं होतं तसं सांगतो. तो वाजला, पण लवकर विझला. पहिला जितका वेळ वाजला त्याच्या अर्धाही नाही. मला ते ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं. मनात म्हटलं, तार फांदीला घासली असेल. त्याच वेळी हेही म्हटलं, शंका काढली तर आता खडू, म्हणजे संध्याकाळ, म्हणजे साक्षगंध गेलं आणि बायकोची बोलणी वर्षभर. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, आणखी एक विचार होता: तुमचाच हट्ट ना जड एक्सलचा, मग घ्या. हा शेवटचा विचार मी आजपर्यंत कुणापुढे काढलेला नाही, परवाच्या शोकसभेतही नाही.

तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. मी मान हलवली.

साक्षगंधाला आम्ही वेळेवर पोहोचलो. मी पोटभर जेवलो.

पावसाळा सरता सरता तो शाफ्ट तुटला. नाल्यातून वर येताना, बरोबर चढावर, मागे गोबी भरलेली. चाक जागच्या जागी राहिलं, तुम्ही म्हणाला होतात तसंच. पण नाल्याच्या पाण्यातून आल्यामुळे ब्रेक ओले होते, आणि त्या जीपचा हातब्रेक चाकाला नाही, इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याला धरतो. त्या दांड्यापासून चाकाकडे जाणारा शाफ्टच तुटल्यावर त्याचा काय उपयोग? गाडी मागे घसरायला लागली. गजाननरावांनी घाबरून उडी मारली आणि पाय मोडून घेतला. जीप बाभळीला जाऊन टेकली. हलका एक्सल असता तर चाक निघून गाडी त्यांच्या अंगावरच पलटली असती. माझं ऐकलं असतं तर तो माणूस गेला असता, आणि तुमचं ऐकूनही मी त्याचा पाय मोडला.

तुटलेले तुकडे गॅरेजात आले तेव्हा दहा-बारा माणसं जमली होती. तुम्ही तुकडा उन्हात धरून तुटलेलं तोंड पाहिलंत. अर्धं तोंड चकाकत होतं, ताजं तुटलेलं. अर्धं काळं पडलेलं, जुन्या तड्याचं. कोणत्याही मेकॅनिकला कळावं असं. तुम्ही बराच वेळ ते बघत राहिलात. मला वाटलं, आता तुम्ही माझ्याकडे बघणार. ठरवलंसुद्धा, बघितलं की बोलायचं.

तुम्ही बघितलंच नाहीत. गजाननरावांच्या भावाकडे वळून म्हणालात, "तडा जुना होता. म्याच वाजवला, म्याच पास केला. माहे कान गेले आता. चूक माही."

हातोडी धुऊन पुसून फळीवर ठेवलीत आणि परत कधी उचलली नाहीत. गजाननरावांचा पाय प्लास्टरमध्ये होता तोवर तुम्ही दर आठवड्याला बसने आंजीला जाऊन त्यांच्या खाटेजवळ बसून यायचात. मी एकदाही आलो नाही. काहीतरी काम काढायचो. तुम्ही म्हणायचात, "राहू दे, तू गॅरेज पाय."

मग लोक शाफ्ट घेऊन आले की तुम्ही खुर्चीवरूनच सांगायचात, "परभाकर वाजवून देईन. त्याचा कान पक्का आहे." आणि मी वाजवायचो, भाऊ. तुमच्याच लिंबाखाली, तुमच्याच हातोडीने. तीन वर्षांत माझं नाव झालं. लोक म्हणायला लागले, गुरूपेक्षा चेला बरा. तुम्ही ते ऐकून हसायचात. ऐकू येत होतं की ओठांवरून ओळखायचात, कोण जाणे. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी हातोडी उचलायचोच. प्रत्येक शाफ्टला खडू लावायचो, शंका असो नसो. तुम्ही एकदा विचारलंत, "इतका खडू कायले?" मी म्हणालो, "सावध राह्यलेलं बरं." तुम्ही मान डोलावलीत. तीसुद्धा बोलायची वेळ होती. गेली.

परवा बुद्धवंदना झाली, आणि बोलायला म्हणून पहिल्यांदा गजाननरावच उठले. थोडे लंगडतात अजून. म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. कानानं फसला बिचारा, पन माह्या मनात काई नाई." त्यांनी तुम्हाला माफ केलं, भाऊ. माझ्यासमोर, माझ्या चुकीसाठी, तुम्हाला! तेव्हा मला बसवेना.

मी उठलो आणि सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तार, फांदी, साक्षगंध, हॉर्न, सगळं उलटसुलट झालं असेल. एवढं आठवतं की शेवटी म्हणालो, "भाऊले आयकू येत नव्हतं हे मले माहीत होतं. ते माह्यावर इसंबून होते. मले आयकू आलतं, आन म्या मान हालवली."

बायको माझ्याकडे बघत होती. तिलाही हे त्या क्षणीच पहिल्यांदा कळत होतं. गजाननराव काठी टेकत तुमच्या फोटोपर्यंत गेले, हात जोडले आणि म्हणाले, "भाऊ, तीन वर्स तुमच्या कानाले नाव ठेवलं म्या. माफ करा." मग माझ्याकडे न बघता ते फाटकाबाहेर गेले. ते चार शिव्या देऊन गेले असते तर मला बरं वाटलं असतं. पण माझ्या बऱ्या वाटण्याची काळजी त्यांनी का करावी?

लोक पांगल्यावर मी सतरंज्या गोळा करत होतो. कमलवहिनी आतून आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, मांगे या जरा."

मागच्या अंगणात तुमचं पेरूचं झाड. त्याच्या खालच्या फांदीला तारेने तो तुकडा टांगलेला होता. तोच. काळ्या आणि चकचकीत तोंडाचा. चकचकीत बाजूही आता गंजली होती. बाजूच्या दगडावर भाजीचा जाडा चमचा.

"रोज सकाळी चहाच्या पयले वाजवत," वहिनी म्हणाल्या. "मले बलावत. म्हनत, आयक बरं कमल, साफ वाजते का नाई? मी म्हनो, साफ वाजते. मंग म्हनत, पाय, मंग परभाकरले बी साफच आयकू आलं असन. त्याची काई चूक नाई. पोरगं खोटी मान हालवनारं नाई."

मी चमचा उचलला आणि टोला दिला. साफ वाजला, भाऊ. खणखणीत, लांबवर, शेजारच्या घरातून एक बाई डोकावली इतका. आवाज पुरता विझेपर्यंत आम्ही दोघंही उभे राहिलो.

"वहिनी," मी म्हणालो, "तुटलेला तुकडा साफच वाजते. तडा असो का नसो. हे भाऊनंच मले शिकवलं होतं."

मग त्यांनी विचारलं, "त्यायले माहीत होतं? मंग रोज काऊन वाजवत?"

तुम्ही तीन वर्षं रोज सकाळी स्वतःला फसवून मला निर्दोष सोडत होतात, हे त्यांच्या तोंडावर मला म्हणता आलं नाही. मी तुकडा खाली उतरवायला गेलो, तर त्या म्हणाल्या, राहू द्या तिथेच. म्हणून त्यांना जे सांगता आलं नाही, ते इथे तुम्हाला लिहितो आहे.